सात टांकसाळींच्या गिन्या आणि एक डाग

फेब्रुवारी २०१९ ला मी एक साधी एक्सेल शीट केली होती. सात टांकसाळींच्या एकेका गिनीसाठी सात ओळी, बजेट दोन हजार पौंड, मुदत दोन वर्षं. आता सहा वर्षं उलटून गेली, सातही ओळी भरल्यात आणि तरी त्यातली एक मी पिवळी करून ठेवलीये. हे सगळं त्या पिवळ्या ओळीचं प्रकरण. इकडे इंग्लंडात रेडिंग, स्लॉ, हॅरो भागात जुनी ब्रिटिश नाणी जमवणारे आपले बरेच लोक आता भेटतात आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच, भाव किती वाढले हो? म्हणून म्हटलं एकदाच आकड्यांसकट आणि झालेल्या गाढवपणासकट लिहून टाकावं.

आधी सेट काय होता ते सांगतो. सॉव्हरिन म्हणजे ब्रिटनचं एक पौंडाचं सोन्याचं नाणं. आपल्या घरांमधून त्याला गिनी म्हणतात. खरी गिनी वेगळी, ती २१ शिलिंगची आणि १८१४ नंतर पाडलीच नाही, पण हे आईला सांगून काही उपयोग नाही आणि मलाही गिनीच म्हणायला बरं वाटतं, तर इथून पुढे गिनी म्हणजे सॉव्हरिन. २२ कॅरट, वजन ७.९८ ग्रॅम, त्यात निव्वळ सोनं ७.३२ ग्रॅम. एका बाजूला राजा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसून ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, हे चित्र पिस्त्रुची नावाच्या इटालियन कारागिराचं, १८१७ पासून चालत आलेलं.

आता गंमत अशी की पाचव्या जॉर्जच्या काळात ही गिनी एकूण सात ठिकाणी पाडली जायची. लंडन, सिडनी, मेलबर्न, पर्थ, ओटावा, प्रिटोरिया आणि मुंबई. सातही ठिकाणं एकाच राजाच्या कारकिर्दीत सापडतात असा हा एकटाच राजा. घोड्याच्या पायाखाली जी जमिनीची रेघ आहे ना, तिच्यावर, तारखेच्या बरोबर वर, एक बारीकसं अक्षर असतं त्यावरून टांकसाळ ओळखायची. सिडनी एस, मेलबर्न एम, पर्थ पी, ओटावा सी (कॅनडाचा), प्रिटोरिया एसए, मुंबई आय म्हणजे इंडिया. काहीच अक्षर नसेल तर लंडन. मुंबईचं अक्षर सगळ्यात वैताग, कारण आय म्हणजे नुसती एक उभी काडी, झिजलेल्या नाण्यावर ती ओरखडा वाटते आणि कधी कधी ओरखडाच आय वाटतो.

मुंबईत ब्रिटनचं नाणं का पाडलं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पहिलं महायुद्ध चालू होतं, सोनं बोटीतून लंडनला न्यायचं म्हणजे पाणबुड्यांच्या तोंडी द्यायचं, आणि इकडे हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांचा इतका तुटवडा की सरकारने नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली, मग अडीच रुपयांची, आणि १९१८ मध्ये अमेरिकेकडून चांदी विकत घ्यायची वेळ आली. तेव्हा जे सोनं इथे होतं त्याचीच नाणी इथे पाडा म्हणून फोर्टातल्या टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा उघडली. लंडनहून साचे येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून आधी पंधरा रुपयांची सोन्याची मोहोर पाडली, वजन आणि कस गिनीइतकाच, कारण तेव्हा हिशोबच पंधरा रुपयाला एक पौंड असा होता. मग साचे आले आणि आय अक्षराच्या सुमारे १३ लाख गिन्या पडल्या, सगळ्यांवर साल एकच, १९१८. पुढच्या वर्षी शाखा बंद. म्हणजे ब्रिटिश नाणेसंग्रहात मुंबईची हजेरी एका सालापुरती. ठाण्यात वाढलेल्या माणसाला हे कळल्यावर तो सेट करायला घेणार नाही तर काय करणार.

तर २०१९. सोनं तेव्हा हजार पौंडाला एक औंस (सुमारे ३१ ग्रॅम) होतं, त्या हिशोबाने एका गिनीतलं सोनं साधारण २३५ पौंडांचं. पहिली लंडनची १९१३ ची मी २४८ ला घेतली, चेरिंग क्रॉसजवळ जमिनीखालच्या पार्किंगमध्ये शनिवारी जो बाजार भरायचा तिथून. तिथले म्हातारे विक्रेते एक ट्रे पुढे सरकवायचे, चाळीस-पन्नास गिन्या, बघ तुला हवी ती, सगळ्यांना भाव एकच. मी भिंग लावून अर्धा तास बसायचो आणि कोणी काही म्हणायचं नाही. मेलबर्न २५० ला, सिडनी २५२ ला याच पद्धतीने आल्या. पर्थची येईपर्यंत उन्हाळा झाला होता, सोनं साडेबाराशेच्या दिशेने निघालं होतं, तरी एकाने मे महिन्यातल्या भावात ठेवलेली होती ती २६८ ला दिली, भला माणूस.

चार नाणी १,०१८ पौंडांत. मला वाटलं हे तर सोपंय.

इथे पहिली चूक झाली आणि ती चूक मला तेव्हा शहाणपणा वाटली. मी म्हटलं भाव वर गेलाय, थांबू, खाली आला की घेऊ. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन आलं, दुकानांकडे मालच नाही, जो होता त्यावर वाटेल तेवढा प्रीमियम, म्हणजे सोन्याच्या भावावर जादा पैसे, ऑगस्टमध्ये सोनं साडेपंधराशेच्या वर. मी आपला थांबलेलो. मग लशीची बातमी आली, भाव उतरायला लागला, २०२१ च्या मार्चपर्यंत साडेबाराशेच्या आतबाहेर आला आणि मला वाटलं बघा, मी बरोबर होतो. प्रिटोरियाची १९२८ ची ३०५ ला मिळाली, ती मुळात सोपी, प्रिटोरियाने १९२५ पासून लाखोंनी पाडल्यात. पण या "मी बरोबर होतो" मधूनच पुढचा घोळ झाला.

आधी बाजार का बदलला ते सांगतो, नाहीतर घोळ नीट कळणार नाही. लोकांना वाटतं दुर्मिळ नाण्यांचे भाव वाढले म्हणजे ती जास्त दुर्मिळ झाली किंवा संग्राहक वाढले. गिन्यांच्या बाबतीत तसं फार कमी. इथे जो नवा माणूस आलाय तो संग्राहक नाहीच. ब्रिटनमध्ये १८३७ नंतरची गिनी आजही कायदेशीर चलन धरतात, म्हणून तिच्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही, आणि गुंतवणुकीचं सोनं म्हणून व्हॅटही नाही. त्यात सरकारने करमुक्त नफ्याची मर्यादा १२,३०० पौंडांवरून आधी ६,००० आणि एप्रिल २०२४ पासून ३,००० वर आणली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरच्या बजेटमध्ये कराचे दर पण वाढवले. आता ज्याच्याकडे पैसे पडून आहेत असा माणूस शेअर विकून काय घेणार? तो पन्नास गिन्या एकदम घेतो, ट्यूबमध्ये भरतो, कपाटात ठेवतो. त्याला एस काय आणि एम काय. त्याच्यामुळे दुकानदाराला ट्रे पुढे सरकवायची गरजच राहिली नाही, येईल तो माल तासाभरात जातो, निवडायला देत नाहीत, "मिश्र साल, बुलियन" असं लिहून, म्हणजे नुसतं सोनं म्हणून, विकतात आणि पाकिटात काय निघेल ते तुझं नशीब. माझ्या मते संग्राहकाचं खरं नुकसान हे झालं. पैसे तर जास्त गेलेच, पण बघायला मिळणं बंद झालं.

दुसऱ्या टोकाला वेगळंच चाललं होतं. जानेवारी २०२० मध्ये आठव्या एडवर्डची १९३७ ची गिनी रॉयल मिंटने एका गिऱ्हाइकासाठी दहा लाख पौंडांना मिळवून दिली. हा राजा अभिषेकाआधीच पायउतार झाला, त्यामुळे त्याची नाणी चलनात आलीच नाहीत, हातावर मोजण्याइतकी नमुना म्हणून पाडलेली. बातमी टीव्हीवर आली आणि दुसऱ्या दिवसापासून ज्याच्या ड्रॉवरमध्ये जुनं पेनी पडलंय तोही दुर्मिळ दुर्मिळ करायला लागला. शिवाय ग्रेडिंगचा प्रकार. अमेरिकन कंपन्या नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करून त्याच्या अवस्थेला ७० पैकी आकडा देतात, ६३ आणि ६५ मध्ये माझ्यासारख्याला उघड्या डोळ्यांनी फरक दिसत नाही पण भावात दिसतो, चांगलाच दिसतो. इथल्या जुन्या लोकांना ती डबी आवडत नाही. एक आजोबा म्हणाले होते, नाणं हातात धरायचं असतं, मत्स्यालयात ठेवायचं नसतं. मला पटलं होतं. आज वाटतं त्या एका वेळेस डबी असती तर बरं झालं असतं.

आता घोळ. जून २०२१, एका ऑनलाइन विक्रेत्याकडे मुंबईची गिनी, फोटो छान, वर्णनात लिहिलेलं की जवळजवळ न वापरलेली, जुन्या संग्रहातली, सुंदर जुनी झळाळी. किंमत ३९५. त्या दिवशी आतल्या सोन्याचा भाव ३०६ च्या आसपास, म्हणजे वर नव्वद पौंड मी त्या एका काडीसारख्या आयला आणि चांगल्या अवस्थेला दिले. फोटो दोनच होते, दोन्ही बाजू समोरून. कडेचा फोटो नव्हता. वजन लिहिलेलं नव्हतं. मी मागितलं पण नाही, कारण दुसरा कोणी घेईल ही घाई, आणि डोक्यात भाव आत्ता खाली आलाय ही हवा.

नाणं आलं, मी घरच्या काट्यावर ठेवलं, ८.०३ ग्रॅम. आणि खरं सांगतो, मला आनंद झाला, म्हटलं झिजलेलंच नाही, उलट थोडं जास्तच भरलंय! अरे पण गिनी कधी जास्त भरत नाही. टांकसाळीत वजनाची सूट शतांश ग्रॅममध्ये असते, वापरून ती कमी होईल, जास्त कुठून होणार. हे मला रात्री अकरा वाजता, दात घासताना सुचलं. मग भिंग घेऊन बसलो. राजाच्या डोक्याच्या बरोबर वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, कडेचे कंगोरे चार-पाच मिलिमीटर बुजलेले. बाकी सगळीकडे कंगोरे कसे कंगव्यासारखे, आणि तिथे गुळगुळीत, जरा फिकट, थोडंसं फुगीर. डाग दिलेला होता, म्हणजे धातू वितळवून तिथे काहीतरी जोडलेलं होतं. कोणीतरी कधीतरी कडी लावून ही गिनी गळ्यात घातली होती, नंतर कडी काढली, घासली, पॉलिश केली. आणि ती सुंदर जुनी झळाळी म्हणजे हे पॉलिश.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं की फोटोत दिसतंय तसंच विकलंय, आणि हे खाजगी विक्री म्हणून टाकलेलं होतं त्यामुळे परत घेणार नाही. मी दोन-तीन मेल केले, मग सोडून दिलं. इथे एक जण म्हणाला तू पेमेंट कंपनीकडे तक्रार करायला हवी होतीस, बरोबर आहे, करायला हवी होती, मुदत गेल्यावर कळलं.

नाणेवाल्यांच्या जगात कडी काढलेल्या नाण्याचा भाव म्हणजे मोडीचा भाव. म्हणजे माझे नव्वद पौंड त्या रात्री अकराला गेले.

पुढच्या वेळी आईकडे गेलो तेव्हा हा विषय निघाला. आईकडे एक गिनी आहे, तिच्या सासूकडून आलेली, तीही कडीवाली, काळ्या पोतीत ओवलेली. मला लहानपणापासून माहीत होती पण मी कधी भिंगाने बघितली नव्हती. आई म्हणाली, अरे मुंबईची ना, ही बघ, मुंबईचीच असणार, आपली माणसं काय लंडनला जाणार होती का गिनी आणायला. बघितलं तर जमिनीच्या रेघेवर पी. आई म्हणाली, पी म्हणजे पुणे का रे? मला इतकं हसू आलं. पर्थ, ऑस्ट्रेलिया. तिथल्या टांकसाळींमधून गिन्या बोटीने थेट हिंदुस्थानात यायच्या, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या डब्यांमध्ये लंडनपेक्षा पी, एम आणि एस सापडणं काही नवल नाही.

ती गिनी आईने मला घेऊन जा म्हटलं. पण शंभर वर्षांवरचं नाणं भारताच्या १९७२ च्या कायद्यात पुरावस्तू ठरतं आणि ते असं खिशात घालून देशाबाहेर नेता येत नाही, तिच्या गिनीवर साल १९१४. आईला हे अजिबात पटलं नाही. "माझी सासू, माझी गिनी, सरकारचा काय संबंध?" तो वाद बाजूला, पण संग्राहकांनी हे लक्षात ठेवा, घरातलं आहे म्हणून बॅगेत टाकू नका, १९१८ च्या गिन्यांनाही आता हेच लागू होतं.

तेव्हाच मी आईच्या नेहमीच्या सराफांकडे गेलो होतो, म्हटलं तुमच्याकडे मोडीत येतात त्यात आयवाली दिसली तर सांगा, बघायला तरी मिळेल. ते हसले. म्हणाले, साहेब, आम्ही अक्षर कुठे बघतो, आम्ही टंच बघतो. भाव चढला की लोक मोड घेऊन येतात, गिन्या, पुतळ्या, तुटक्या बांगड्या, सगळं एकाच मुशीत. त्यांनी बोटांनी मुशीचा आकार दाखवला, चहाच्या कपाएवढा. मी विचारलं वर्षात किती गिन्या जात असतील, तर म्हणाले मोजल्या नाहीत कधी.

त्या कपाएवढ्या मुशीचा मी नंतर बराच विचार केला. १३ लाख पाडल्या हा आकडा पुस्तकात कायम राहणार, पण उरल्या किती हे मुशीवर अवलंबून. लंडनच्या १९१७ च्या गिनीचं हेच झालं, दहा लाखांच्या वर पाडल्या आणि जवळपास सगळ्या वितळल्या, आज तीच पाचव्या जॉर्जच्या लंडन गिन्यांमधली सगळ्यात अवघड. आणि अवघड आहे म्हणून तिच्या नकलाही. उलट १९२५ सालच्या लंडनच्या गिन्या सोप्या, कारण रॉयल मिंटने १९४९ ते १९५२ मध्ये जुनंच साल ठेवून त्या पुन्हा पाडल्या. म्हणजे किती पाडल्या या आकड्यावर विश्वास ठेवून भाव ठरवणारा माणूस दोन्हीकडे फसतो.

नकलांचं आलंच आहे तर थोडं सांगतो. पितळेवर मुलामा दिलेलं नाणं पकडणं सोपं, २२.०५ मिलिमीटर व्यास, १.५२ जाडी आणि ७.९८ वजन हे तिन्ही एकाच वेळी जुळवायला सोन्याइतकाच जड धातू लागतो, स्वस्त धातूत वजन जुळवायला गेलं की नाणं जाड होतं. त्रास खऱ्या सोन्याच्या नकलांचा. बैरूतमध्ये गेल्या शतकाच्या मध्यावर अशा गिन्या भरपूर बनल्या, सोनं खरं, वजन बरोबर, फक्त टांकसाळ खोटी. त्या काट्यावर पास होतात. अक्षरं जरा फुगीर, घोड्याच्या शेपटीचे केस एकत्र झालेले, असं बघत बसावं लागतं, आणि ते बघायची सवय शंभर खरी नाणी हातात घेतल्याशिवाय येत नाही, आणि ट्रे तर बंद झालेत. फिरून तिथेच येतो बघा मी.

ओटावाची राहिली होती. तिकडे १९११ ची बरी मिळते, १९१३, १९१४ आणि १९१६ च्या नादी मी लागणार नव्हतो, त्या वर्षांत फारच थोड्या पाडल्यात आणि १९१६ ची तर बघायलाही मिळत नाही. यावेळी शहाणा झालो होतो, लिलावगृहातूनच घ्यायची, बघायच्या दिवशी स्वतः जाऊन हातात घेऊन. २०२३ च्या वसंतात गेलो, कडा फिरवून फिरवून बघितली, तिथली बाई माझ्याकडे संशयाने बघायला लागली इतकी. हातोडा ३८० ला पडला, म्हणजे माझी शेवटची बोली तेवढी. बिल आलं ४७१ पौंड २० पेन्स. लिलावगृहाचं कमिशन २० टक्के आणि त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, म्हणजे हातोड्यावर सरळ २४ टक्के. मला हे माहीत होतं, तरी हात वर करताना डोक्यात ३८० च असतं, हा माणसाच्या डोक्याचाच दोष असावा. पोस्टाने मागवलं तर विम्याचे पैसे वेगळे, म्हणून ट्रेनने जाऊन आणलं, तिकीट त्याहून महाग पडलं, ते शीटमध्ये लिहिलेलं नाही.

तर एकूण २,१८९ पौंड, सात टांकसाळी, दोन वर्षांच्या जागी चार.

मधल्या काळात मुलीला पण नाद लागला, पण तिचं क्षेत्र ५० पेन्सचं. इथे शाळेतली पोरं सुट्ट्या पैशांत लंडनच्या क्यू गार्डन्स बागेचं नाणं शोधत असतात, २००९ चं, पॅगोडावालं, २,१०,००० च पाडलेलं. चलनातलं सगळ्यात दुर्मिळ म्हणून त्याला शंभर-दीडशे पौंड पडायला लागले. मग २०२३ चं सॅमन माशाचं नाणं आलं, ते दोनच लाख, झालं, क्यू गार्डन्सचा पहिला नंबर गेला. मुलीने मला विचारलं, बाबा, तुमचं नाणं जास्त दुर्मिळ की माझं? काट्यावर ठेवून दाखवलं. ५० पेन्सचं ८ ग्रॅम, गिनी ७.९८, जवळजवळ सारखीच. ५० पेन्सातल्या तांबं-निकेलची किंमत काही पेन्स, म्हणजे त्याचा सगळा भाव हा फक्त लोकांना हवंय म्हणून. माझ्या गिनीचं उलटं, जवळजवळ सगळा भाव धातूचा आणि अक्षराला वर चार दमड्या. पाडलेल्या संख्येत बघायला गेलं तर तिचं नाणं मुंबईच्या गिनीपेक्षा सहापट कमी. ती खूश होऊन गेली. तिला अजून क्यू गार्डन्स सापडलेलं नाही, ऑलिम्पिकचं फुटबॉलवालं मात्र सापडलंय, ऑफसाइडचा नियम काढलेलं, ते तिने वहीत चिकटपट्टीने चिकटवलं आणि मी ओरडलो. चिकटपट्टी नाही, कधीच नाही.

मग २०२५ ची परिस्थिती. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनं औंसाला तीन हजार पौंडांच्या घरात गेलं. म्हणजे तेव्हा एका गिनीत सातशे पौंडांचं सोनं, आणि माझ्या सात नाण्यांत ४,९०० चं. बायकोने शीट बघितली आणि म्हणाली, अरे तू तर हुशार निघालास. ती डागवाली मुंबई, जिच्यावर मी फसलो, ३९५ ची सातशे झाली. तिच्यात फसलोच नाही असं वाटावं इतकी.

आणि माझं म्हणणं नेमकं इथे आहे. भाव चढला की चुका झाकल्या जातात. कडेचा फोटो न मागता घेतलेलं नाणंही नफ्यात दिसतं, लिलावात दोन बोल्या जास्त लावल्या तरी चालून जातं, नाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही आपल्याला कळतं असं वाटतं. हे लोक मग दुसऱ्यांना सल्ले देतात. मी पण देत होतो, एका गणपतीत दोघा-तिघांना मी मुंबईची गिनी घ्या म्हणून सांगितलं, डागाबद्दल शब्द न काढता. लाज वाटते आता.

खरा हिशोब वेगळा आहे. २०२१ मध्ये चांगली, बिनडागाची, साधारण अवस्थेतली मुंबई मला ३६० ला दाखवली होती एकाने, सोन्यावर ५० च्या थोडं वर. मी ती सोडून "जवळजवळ न वापरलेली" च्या मागे गेलो. त्याच सुमाराला लंडनमध्ये ब्लूम्सबरीच्या नाण्यांच्या फेअरमध्ये तशीच एक ७७० ला होती, सोन्यावर सत्तर. म्हणजे चार वर्षांत सोनं दुपटीच्या वर आणि अक्षराची किंमत जेमतेम पंधरा-वीस पौंड वाढली, सोन्याच्या टक्क्यांत बघाल तर घसरली. माझ्यासारख्याला ज्याच्याकडे आधीच एक गिनी आहे त्याला भाव वाढला काय आणि पडला काय, डागवाली द्यायची, वर सत्तर-ऐंशी टाकायचे, चांगली घ्यायची. भाव ही अडचण आधीच्या चार वर्षांत होती, आता नाही. नवीन सुरुवात करणाऱ्याला मात्र २०२५ च्या त्या भावाने सात नाण्यांना पाच हजारांच्या वर मोजावे लागणार, आणि त्याला मी आता सरळ सांगतो की सातचा नाद सोड, एक घे, पण बघून घे.

तर फेअरमध्ये गेलो तो अदलाबदलीच्या तयारीनेच. ७७० वाली हातात घेतली, कडा फिरवली, कंगोरे पूर्ण, आय स्पष्ट, नाकावर थोडी झीज, मला चालली असती. माझी काढून दिली. दुकानदाराने काट्यावर ठेवली, ८.०३. मग न बोलता अंगठ्याचं नख बारा वाजताच्या जागेवरून फिरवलं, भिंग घ्यायची पण गरज पडली नाही त्याला, चार वर्षांपूर्वी मला अख्खी संध्याकाळ लागली होती. सोन्याच्या भावातून दोन टक्के वजा करून देईन म्हणाला.

म्हटलं ठीक आहे. तो पुढे म्हणाला, आणि ७.९८ चेच पैसे मिळतील, वरचे पाच शतांश ग्रॅम डागाचे आहेत.

काय झालं कोण जाणे, मी गिनी उचलून परत खिशात टाकली. ७७० वाली दुपारपर्यंत गेली, मी दोनदा जाऊन बघून आलो होतो. शीटमधली ओळ अजून पिवळीच आहे.